आई-बाबांना बिझनेस क्लासने लंडनला न्यायचंय? आधी हे बघा

सगळ्यात आधी एअरलाइनचं नाव नाही, विमान कोणतं ते बघा. एकाच कंपनीत सीटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणजे एमिरेट्सच्या ए३८० मध्ये १-२-१ अशी रांग (खिडकीशी एकेक सीट, मध्ये दोन), कुणालाही न ओलांडता उठता येतं, आणि त्यांच्याच जुन्या ७७७ मध्ये २-३-२, मधली सीट नशिबी आली की रात्री बाथरूमला जायचं तर शेजाऱ्याच्या पायांवरून. गुडघे दुखणाऱ्या आईला हे कसं जमणार? म्हणून बुकिंगआधी सीट मॅप उघडाच, सीट पूर्ण आडवी होते का तेही बघा.

जोडीने बसायचं तर मधल्या दोन सीट घ्या. कतार एअरवेजच्या क्यूसुइटमध्ये, म्हणजे त्यांच्या बिझनेस क्लासच्या बंदिस्त केबिनमध्ये, काही मधल्या सीट जोडून डबल बेड होतो, दारही लागतं, पण त्यांच्या सगळ्या विमानांत ते नाही हां.

मुंबईहून दोहा-दुबईमार्गे गेलं की झोपेचे तुकडे होतात, पहिला टप्पा जेमतेम तीन-साडेतीन तासांचा, जेवण आवरेपर्यंत उतरायची वेळ. मला विचाराल तर थेट फ्लाइटच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. आणि जैन जेवण, व्हीलचेअर वगैरे बुकिंग करतानाच सांगून टाका.