गावमंडळ, सोसायटी, उत्सव मंडळ: अनेक सभासदत्वांचा मेळ कसा घालावा

मुंबईत राहणारा कोकणातला माणूस बहुधा एकाच वेळी गावच्या ग्रामस्थ मंडळाचा सभासद, गृहनिर्माण संस्थेचा भागधारक, कचेरीतल्या पतपेढीचा खातेदार आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता असतो. यांतले एकही नाते वरवरचे नसते. म्हणून कोणते सोडावे यापेक्षा कोठे काय द्यावे, हे आधी ठरवावे.

सुरुवात मतदार यादीपासून करावी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 नुसार एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदवता येत नाही, आणि खोटे घोषणापत्र दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी भावकीने कितीही आग्रह धरला, तरी आपले नेहमीचे वास्तव्य जिथे आहे तिथेच नाव ठेवावे. ते हलवायचे असल्यास नमुना 8 भरावा. गावकऱ्यांना हे निवडणूक लागण्याच्या बरेच आधी सांगावे, कारण ऐन वेळचा नकार त्यांच्या जिव्हारी लागतो आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

दुसरा पेच भाद्रपदातला. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि चाकरमानी नेमका त्याच सुमारास गणपतीला गावी जातो. सभेची सूचना 14 दिवस आधी येते, रेल्वेचे आरक्षण मात्र 60 दिवस आधी सुरू होते. म्हणजे सूचना हाती पडेपर्यंत तिकीट काढून झालेले असते. यासाठी जुलैच्या आरंभीच चिटणिसांना पत्र द्यावे: ‘इमारतीतील अनेक कुटुंबे गौरी-गणपतीसाठी गावी जाणार असल्याने, लेखापरीक्षण पूर्ण होताच सणापूर्वीच्या रविवारी सभा घ्यावी, ही विनंती.’ पत्रावर शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात.

दोन ठिकाणी खजिनदारपद मुळीच स्वीकारू नये.

सर्वांत नाजूक प्रसंग दोन संस्थांचे हितसंबंध एकमेकांत गुंततात तेव्हा येतो. समजा, उत्सव मंडळाला मंडपासाठी सोसायटीचे आवार हवे आहे आणि आपण दोन्ही समित्यांवर आहोत. अशा वेळी विषय चर्चेला येताच उभे राहून ते सांगावे, विचारल्यास मंडपाचे माप, विजेची जोडणी आणि दिवस यांची माहिती द्यावी, पण मतदान करू नये. इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यावी आणि मंडळाच्या बैठकीतही त्याच शब्दांत कळवावे.