काउंटीचे आरोग्य-अग्रक्रम सगळ्यांनी मिळून कसे ठरवावेत

अमेरिकेत एकाच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) लोकांच्या आरोग्य-गरजांची हॉस्पिटल आपली पाहणी करतं, आरोग्य विभाग आपली, आणि त्याच माणसांना तेच प्रश्न दोनदा विचारले जातात. हे टाळायचं तर आधी कॅलेंडर जुळवा. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे ना-नफा हॉस्पिटलांना दर ३ वर्षांत एकदा गरजांची पाहणी करावीच लागते. चुकल्यास ५०,००० डॉलर कर बसतो. मानांकित आरोग्य विभागाला ती ५ वर्षांतून एकदा पुरते. म्हणून ३ वर्षांचं चक्र धरा, विभागाची अट त्यात आपोआप भागते. हॉस्पिटलांना संयुक्त अहवाल द्यायचा असेल, तर 'आपला समाज' म्हणजे नेमका कोणता भाग, ही व्याख्या सगळ्यांची एकच लागते. ती पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या.

आकडे मागवताना काउंटीच्या सरासरीवर थांबू नका. सुखवस्तू उपनगर आणि बसही न जाणारी वस्ती, दोन्ही तिच्यात विरघळून जातात. पण छोट्या वस्त्यांपर्यंत खाली उतरलं की आकडे तुटपुंजे होतात: २० पेक्षा कमी मृत्यूंवर काढलेला दर एकदोन घटनांनी वरखाली होतो. अशा ठिकाणी ३ किंवा ५ वर्षं एकत्र करा. सीडीसी या अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या 'प्लेसेस' या छोट्या भागांच्या माहितीसंचातले आकडे मॉडेलवरून काढलेले अंदाज आहेत. त्रास कुठे दाट आहे ते बघायला ते चांगले, कार्यक्रमाने फरक पडला का हे मोजायला नाहीत.

आता खरं काम. प्रत्येक आरोग्य-प्रश्नाला गुण देण्याचे निकष आकडे उघडण्याआधी ठरवा, नाहीतर प्रत्येकजण आपल्या आवडत्या विषयाला सोयीचे निकष सुचवतो. अग्रक्रम ठरवण्याची हॅनलन पद्धत इथे उपयोगी पडते. व्याप्ती, गांभीर्य आणि उपायांची परिणामकारकता यांना प्रत्येकी ० ते १० गुण. व्याप्तीत गांभीर्याची दुप्पट मिळवायची आणि बेरजेला परिणामकारकतेने गुणायचं. समजा, उच्च रक्तदाबाला ९, ६, ७ गुण मिळाले: (९ + १२) × ७ = १४७. ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या औषधांच्या) अतिसेवनाला ३, १०, ६: (३ + २०) × ६ = १३८. शेवटचा ६ चा ७ केला की १६१ होतात आणि क्रम उलटतो. म्हणजे एका गुणाने २३ गुणांचा फरक. म्हणून परिणामकारकतेचा गुण अंदाजाने देऊ नका. प्रत्येक गुणामागे कोणता पुरावा आहे ते समोर लिहा.

मग चाळणी लावा: हे आपलं काम आहे का, खर्च परवडतो का, लोकांना पटेल का, माणसं-पैसा आहे का, कायद्यात बसतं का? एकही 'नाही' आलं तर गुण शून्य.

मतदान यानंतर, आणि तेही गुप्त. मत म्हणून भिंतीवरच्या यादीत ठिपके चिकटवायला लावले की लोक आधीच दाट झालेल्या ठिपक्यांकडे वळतात. एका संस्थेला एकच मत, माणसं कितीही आली तरी. रहिवाशांना बोलवायचं तर बैठक संध्याकाळी घ्या, दुभाषी आणि मुलं सांभाळायची सोय ठेवा.

तीन ते पाच अग्रक्रम पुरेत. 'सेवांची उपलब्धता' असं मोघम लिहिलं की त्यात काहीही बसतं. कोणत्या वस्तीत, कोणासाठी, काय बदलायचं ते लिहा. जे विषय मागे पडले त्यांची यादीही ठेवा. पाहणीत महत्त्वाची ठरलेली गरज हॉस्पिटल हाती घेणार नसेल, तर त्याला कारण लेखी द्यावं लागतं.