जपानमधला लांब लेओव्हर : या चुका टाळा

मुंबईहून टोकियोमार्गे अमेरिकेला जाताना नारिता विमानतळावर आठ तास मिळणार असे कळले, की बहुतेक प्रवासी आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात; व्हिसाचा विचार त्यांना फार उशिरा सुचतो. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे असेल, तर भारतीय पासपोर्टधारकाला जपानचा व्हिसा आधीच काढावा लागतो. काही तासांसाठी बाहेर जाऊ देणारा शोअर पास अस्तित्वात आहे, पण तो देणे न देणे सर्वस्वी इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या मर्जीवर असल्यामुळे त्याच्या भरवशावर बेत आखणे शहाणपणाचे नाही. ई-व्हिसा असेल, तर तो काउंटरवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो आणि स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही, म्हणून तिथे पोहोचण्यापूर्वी विमानतळाचे वायफाय जोडून घ्यावे. सिंगल एंट्री व्हिसा जाताना वापरला, तर परतीच्या थांब्यात तो उपयोगी पडणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

याहून महागात पडणारी चूक तिकीट काढतानाच होते. उतरायचे नारिताला आणि पुढचे विमान टोकियोच्याच दुसऱ्या विमानतळावरून म्हणजे हानेदाहून, असे स्वस्त तिकीट दिसले तर मोह आवरावा. हा थांबा दोन विमानतळांमधल्या प्रवासातच संपतो, आणि त्यासाठी देशात प्रवेश करावा लागत असल्याने व्हिसाही लागतो. दोन स्वतंत्र तिकिटांवर सामान मध्येच उतरवून घ्यावे लागले, तरी अडचण तीच.

आता वेळेचा हिशेब. नारिता टोकियोचे विमानतळ म्हणवले जात असले, तरी ते शहरापासून साठेक किलोमीटरवर चिबा प्रांतात आहे. इमिग्रेशन आणि कस्टम्सचे दीड तास, पुढच्या उड्डाणाआधीचे अडीच तास आणि जाण्यायेण्याचे किमान दोन तास आठांतून वजा केले, की हाती जेमतेम दोन तास उरतात. तेवढ्यासाठी टोकियोतले उएनो गाठण्यापेक्षा नारिता गाव पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते विमानतळापासून रेल्वेने दहा मिनिटांवर आहे. उनागी म्हणजे ईल माशाच्या खाणावळींनी गजबजलेला ओमोतेसांदो रस्ता उतरत गेले, की इ. स. 940 मध्ये स्थापन झालेले नारितासान शिन्शोजी मंदिर लागते. तिथली मुख्य देवता फुदो म्योओ म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतला अचल, आणि तिच्यापुढे रोज होणाऱ्या अग्निविधीला गोमा म्हणतात. हा शब्द आपल्या ‘होम’चाच जपानी अवतार आहे.

मात्र गाडी चुकीची पकडली, तर हे दहा मिनिटांचे गाव राहूनच जाते. स्कायलायनर आणि अ‍ॅक्सेस एक्सप्रेस या दोन्ही केइसेई या खासगी रेल्वे कंपनीच्याच गाड्या असल्या, तरी त्या वेगळ्या मार्गाने जातात आणि केइसेई-नारिता स्थानकावर येतच नाहीत. त्यासाठी केइसेई मुख्य मार्गाची किंवा जेआरची (जपान रेल्वेची) साधी गाडी घ्यावी.

थांबा हानेदाला असेल, तर शहर बरेच जवळ असल्याने हाच हिशेब सैल होतो, आणि असाकुसाचे सेन्सोजी मंदिर सहज पाहता येते. सोमवारी मात्र उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय सहसा बंद असते. ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरून क्योतो गाठण्याचा हट्ट धरू नये, कारण हारुका या जलद गाडीलाही एका बाजूने सव्वा तासाहून अधिक लागतो. ओसाकातले नांबा त्या मानाने बरे.

शाकाहारी मंडळी फसतात ती रश्शात. भाज्या घातलेला उदोन म्हणजे जाड नूडल्सही बहुधा माशाच्या दाशीत म्हणजे अर्कातच शिजतो, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही.

परतताना टर्मिनलचा क्रमांक पाहूनच उतरावे. नारिताला टर्मिनल 2 आणि 3 यांचे स्थानक एकच आहे आणि टर्मिनल 1 चे त्यापुढे, शेवटचे आहे. 3 वरून उडायचे असेल, तर 2 च्या स्थानकापासून पुढे चालत किंवा बसने जावे लागते, तो वेळही हिशेबात आधीच धरावा.