लिनक्सला नेटवर्क कार्ड दिसत नसेल तर

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि नेटच नाही, की बरेच जण लगेच सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. त्याआधी टर्मिनलमध्ये ‘आयपी लिंक’ चालवा, नेटवर्क जोडण्यांची यादी दिसेल. हल्ली कार्डाचं नाव ‘ईटीएच०’ नसतं, ‘ईएनपी३एस०’ असलं काहीतरी असतं. म्हणजे कार्ड समोरच असतं, आपण मात्र जुनं नाव शोधत बसतो!

यादीत फक्त ‘एलओ’ (संगणकाची स्वतःशीच असलेली आभासी जोडणी) दिसलं, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. कार्डाच्या ओळीत शेवटाकडे चौकटी कंसात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०ईसी:८१६८. पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल (हो, इंटेलच्या १९७८च्या प्रोसेसरचाच आकडा). खोक्यावरच्या नावापेक्षा या आकड्यांवर विश्वास ठेवा. एकाच नावाच्या कार्डात चिप बदललेली असू शकते. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल, तर कार्ड सापडलंय पण ते चालवणारा ड्रायव्हर जोडला गेलेला नाही.

मग ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) चालवून सिस्टीमच्या संदेशांमध्ये ‘फर्मवेअर’ (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) हा शब्द शोधा. वायफायच्या बाबतीत घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. रिअलटेकला ‘फर्मवेअर-रिअलटेक’, इंटेलच्या वायफायला ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ हे पॅकेज लागतं. डेबियन १२पासून (२०२३) ही फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतात. जुन्या आवृत्तीत पॅकेजच्या यादीतला ‘नॉन-फ्री’ विभाग चालू करावा लागतो.

पण नेटच नाही तर पॅकेज उतरवणार कसं? अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणं) चालू करा. बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.