प्रोबेशनच्या अटी मोडल्या म्हणून तुरुंगवास? अपिलात या चुका टाळा

प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या लेखी हमीवर (बंधपत्रावर) सुटलेला माणूस सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) कामाला केरळात जातो, नाहीतर टोळीबरोबर ऊसतोडीला. इकडे हजेरी चुकते, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी कोर्टाला कळवतात. मग अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ च्या कलम ९ खाली मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते. खरं तर निघण्याआधीच अधिकाऱ्यांना भेटून कलम ८ खाली अट बदलून घेता येते. अर्ज त्यांनीच करायचा असतो.

समन्सच्या तारखेला रिकाम्या हाताने जाणं
अपील निम्मं इथेच हरतं. सत्र न्यायालय खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवरच निर्णय देतं. नवा पुरावा द्यायचा तर वेगळी परवानगी लागते, आणि 'तेव्हा का दिला नाही?' हा प्रश्न येतोच. म्हणून दवाखान्याचे कागद, एसटीची तिकिटं, हजेरीच्या नोंदी लेखी खुलाशासोबत त्याच दिवशी जोडा. पहिलाच भंग असेल तर बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. रक्कम वाचून हसू येईल, पण ही मागणी लेखी केलेली नसेल तर अपिलात मुद्दा लंगडा पडतो. दंड झालाच तर मुदतीत भरा, नाहीतर पुन्हा मूळ शिक्षा दारात.

त्याच दिवशी जामीन न मागणं
भंगाची चौकशी चालू असताना जामीन मिळू शकतो. शिक्षेच्या वेळी जामिनावर असाल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करायचं सांगितल्यावर तेच कोर्ट सहसा तेवढ्यापुरतं सोडतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा कायदा, कलम ४३०). कोठडीत असाल तर अपील कोर्टात जावं लागतं. नुसतं अपील दाखल केल्याने शिक्षा थांबत नाही. स्थगिती आणि जामिनाचा अर्ज सोबतच लावा.

मुदत आणि दार चुकणं
मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालय. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस वजा होतात, पण नक्कल तयार झाल्यावर ती न नेता घालवलेले दिवस नाही. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर ६० दिवसांत उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांसाठी त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं.

'चूक झाली, माफ करा' एवढंच लिहिणं
मोडलेली अट बंधपत्रात खरंच होती का? भंगाच्या दिवशी बंधपत्राची मुदत संपली होती का? म्हणणं ऐकून घेतलं का? ५० रुपयांच्या पर्यायाचा विचार झाला का? मुद्दे असे हवेत. नोकरदारांनी आणखी एक पाहावं: अशी शिक्षा झाली की परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ चं संरक्षण जातं आणि दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता पुन्हा लागू होते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अपील तुरुंग अधिकाऱ्यांमार्फतही पाठवता येतं.