चारशे गेला, तरी ऑर्डर नोंदली

पहिल्या नोकरीतला चौथा महिना. पुण्यातली लहानशी कंपनी, किराणा दुकानदारांनी होलसेलरकडे माल मागवायचं ॲप, आणि मागचा सर्व्हर गो भाषेत. ऑर्डर घेणारा हँडलर (आलेल्या विनंतीला उत्तर देणारं फंक्शन) माझा, त्याच्या युनिट टेस्टही (तो एकटाच तपासणाऱ्या छोट्या चाचण्या) माझ्याच, आणि सगळ्या पास. एका सोमवारी सपोर्टचा फोन आला: कराडजवळच्या एका दुकानदाराने गोडेतेलाचे चार डबे मागवले होते, टेम्पोतून बारा उतरले.

झालं होतं ते असं. दुकान बंद करता करता त्यांनी ऑर्डर भरायला घेतली, मध्येच कुणी गिऱ्हाईक आलं, आणि बटण दाबेपर्यंत रात्रीचे बारा वाजून गेले. स्क्रीनवर डिलिव्हरीची तारीख ‘आज’ होती, ती आता कालची झाली. सर्व्हरने उलटलेली तारीख पाहून ४०० (‘विनंतीत चूक आहे’ असा स्टेटस कोड) पाठवला, ॲपने ‘ऑर्डर गेली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं दाखवलं. त्यांनी केला. मग आणखी एकदा केला. तिन्ही वेळा ४००, आणि तिन्ही वेळा ऑर्डर डेटाबेसमध्ये जाऊन बसलेली. वर तारीख उलटलेली, म्हणून गोडाऊनच्या यादीत या तिन्ही ऑर्डरी ‘उशीर झालेल्या’ म्हणून सगळ्यात वर. माल सकाळी पहिल्या टेम्पोत.

चूक एका शब्दाची होती. गोमधलं एचटीटीपी डॉट एरर हे फंक्शन उत्तरात स्टेटस आणि मजकूर लिहितं, पण हँडलर थांबवत नाही. खाली रिटर्न आपण लिहायचा असतो. कॉलेजात मी जावा शिकलेलो. एक्सेप्शन फेकलं की पुढचं काही चालत नाही, ही सवय हातात बसलेली. इथे पुढचं सगळं चाललं: ऑर्डर सेव्ह झाली, मग २०१ (‘नवीन नोंद झाली’) लिहायचा प्रयत्न झाला, मग ऑर्डरचा जेसन (महिरपी कंसात लिहिलेला डेटा) गेला.

मी टीमच्या लीडला टेस्ट दाखवली. उलटलेल्या तारखेची केस तिच्यात होती, कोड ४०० आहे का हे तपासलं होतं, हिरवी म्हणजे पास होती. लीड म्हणाली, “अरे, बॉडी छाप ना एकदा.” बॉडी म्हणजे उत्तरातला मजकूर. छापली. पहिल्या ओळीत ‘तारीख चुकीची आहे’, आणि तिच्या खाली, महिरपी कंसात, ताज्या ऑर्डरचा नंबर.

त्या दोन ओळी मी बराच वेळ बघत बसलो. टेस्ट खोटं बोलली नव्हती. मी तिला विचारलंच एवढं होतं.

आता नवीन मुलं टीममध्ये आली की मी त्यांना हाच हँडलर देतो आणि आधी रेकॉर्डर समजावतो. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत एचटीटीपीटेस्ट नावाचं पॅकेज आहे. त्यातला न्यूरिक्वेस्ट खोटी विनंती बनवतो, न्यूरेकॉर्डर खोटं उत्तरपत्र, म्हणजेच रेकॉर्डर, देतो. दोन्ही हँडलरच्या हातात द्यायचे, हँडलर साध्या फंक्शनसारखा बोलवायचा, आणि उत्तरपत्रावर काय उमटलं ते वाचायचं. पोर्ट उघडत नाही, नेटवर्क नाही, शंभर टेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात.

पण रेकॉर्डर फार सोशिक आहे. खऱ्या सर्व्हरवर स्टेटस दुसऱ्यांदा लिहायला गेलात तर तो लिहिला जात नाही, पण लॉगमध्ये ‘सुपरफ्लुअस राइटहेडर कॉल’ अशी तक्रार उमटते. रेकॉर्डर दुसरा स्टेटस नुसता गिळून टाकतो. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ती ओळ कित्येक आठवडे येत होती, आणि ‘चालतंय ना’ म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. मीही नाही.

दुसरी गंमत: न्यूरेकॉर्डर जन्मालाच २०० (‘सगळं ठीक’) घेऊन येतो. म्हणजे हँडलर पूर्ण रिकामा ठेवा, एक ओळही लिहू नका, आणि ‘२०० आला का’ एवढंच विचारा. टेस्ट पास. म्हणून माझा नियम असा की टेस्ट लिहून झाली की हँडलरमधली एक ओळ मुद्दाम मोडायची आणि टेस्ट लाल होते का बघायचं. रिटर्न उडवा, तपासणीची अट उलटी करा, सेव्हचा कॉल काढून टाका. लाल झाली नाही तर ती टेस्ट शोभेची.

सेव्ह झालं का हे कळणार कसं? त्यासाठी डेटाबेसच्या जागी खोटं स्टोअर द्यायचं. मोठमोठ्या मॉकिंग (असे खोटे भाग बनवून देणाऱ्या) लायब्रऱ्यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. सेव्ह नावाची मेथड असलेला, आणि आपल्याला किती वेळा बोलावलं हे मोजणारा पाच ओळींचा स्ट्रक्ट (गोमधला आपण बनवलेला टाइप) पुरतो. आमच्या टेस्टच्या तक्त्यात मग प्रत्येक केससमोर तीन रकाने आले: कोणता स्टेटस, सेव्ह किती वेळा, बॉडीत काय. उलटलेल्या तारखेच्या केससमोर दुसऱ्या रकान्यात ० आहे. हा रकाना माझ्या बारा डब्यांची कमाई.

हेडरचा (उत्तराबद्दलची माहिती देणाऱ्या, बॉडीच्या आधी जाणाऱ्या ओळींचा) सापळाही सांगून ठेवतो, कारण यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे. गोमध्ये स्टेटस लिहिला की हेडर गोठतात. कंटेंट टाइप (बॉडी कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारा हेडर) त्यानंतर लावलात तर तो ॲपपर्यंत पोचत नाही. पण टेस्टमध्ये तुम्ही रेकॉर्डरच्या हेडर मेथडमधून वाचलंत, तर तो तिथे ऐटीत दिसतो! ती मेथड हँडलरने लिहायला वापरायची वही आहे, पाठवलेल्याची प्रत नाही. प्रत हवी तर रिझल्ट मेथड बोलवा आणि त्यातून आलेल्या रिस्पॉन्सचे हेडर वाचा. तसंच, बॉडी आधी आणि स्टेटस मागाहून लिहिलात तर बॉडीचा पहिला बाइट जातानाच २०० निघून जातो. मागून आलेल्या २०१ ला कुणी विचारत नाही. हे मात्र रेकॉर्डर बरोबर पकडतो.

राउटरचं (पत्ता बघून विनंती योग्य हँडलरकडे धाडणाऱ्या भागाचं) वेगळंच. हँडलर थेट बोलावला की राउटर आणि मिडलवेअर (हँडलरच्या आधी टोकन वगैरे तपासणारा कोड) दोन्ही बाजूला राहतात. म्हणून पोस्टच्या (माहिती पाठवायच्या) पत्त्यावर गेट (माहिती मागायची विनंती) मारलं तर ४०५ (‘विनंतीचा हा प्रकार, म्हणजे ही मेथड, इथे चालत नाही’) येतो का, ओळखीचं टोकन नसलं तर ४०१ येतो का, हे थेट बोलावून कळणारच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या गो १.२२ पासून स्टँडर्ड राउटरलाच मेथड आणि पत्त्यातले बदलते भाग समजतात. चुकीची मेथड आली तर तो ४०५ देतो आणि कोणत्या मेथड चालतील ते अलाऊ हेडरमध्ये सांगतो. अशा केससाठी विनंती अख्ख्या राउटरला द्या, त्यालाही तोच रेकॉर्डर चालतो. थेटच बोलवायचं असेल तर पत्त्यातला ऑर्डर नंबर सेटपाथव्हॅल्यूने हाताने भरावा लागतो. नाहीतर हँडलरला रिकामा नंबर मिळतो, ४०४ येतो, आणि तुमची ‘ऑर्डर सापडली नाही’ ही टेस्ट भलत्याच कारणाने पास होते.

कोणता कोड कधी, यावर टीममध्ये चहा गार होईपर्यंत वाद होतात. सध्याचं प्रमाण आरएफसी ९११० हा एचटीटीपीचा दस्तऐवज, जून २०२२ चा. नवीन माणसाने त्यातलं स्टेटस कोडचं प्रकरण एकदा वाचावं, कंटाळवाणं नाही. ४०१ चं नाव ‘अनऑथराइज्ड’ असलं तरी अर्थ ‘तू कोण ते आधी सांग’ असा; त्याच्यासोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर पाठवावा लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात. ४०३ म्हणजे ‘ओळखलं, पण इथे तुला मज्जाव’. दुसऱ्या दुकानदाराची ऑर्डर कुणी मागितली तर आम्ही ४०४ देतो, म्हणजे ती ऑर्डर आहे हेही त्याला कळत नाही. तारीख उलटली तर ४०० की ४२२ (‘विनंती कळली, पण त्यातली माहिती चालणार नाही’)? दोन्ही चालतं. फास्टएपीआय हे पायथॉनचं फ्रेमवर्क आपणहून ४२२ देतं, आम्ही ४०० धरलं. एकच काहीतरी ठरवा आणि टेस्टमध्ये बांधून टाका. (४१८, ‘मी किटली आहे’, हा १९९८ च्या एप्रिल फूलचा विनोद. गोमध्ये त्याचंही स्थिरांक नाव आहे. वापरू नका, रिव्ह्यूमध्ये लोक हसून मंजूर करतात आणि मग तो राहून जातो.)

पायथॉनकडे जाणाऱ्यांना एक सूचना. जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कचा टेस्ट क्लायंट (खोट्या विनंत्या पाठवणारा) व्ह्यूमधला (तिथल्या हँडलरमधला) न पकडलेला एरर सरळ तुमच्या टेस्टमध्ये फेकतो, ५०० चं (‘सर्व्हरमध्येच बिघाड’) उत्तर बनवून देत नाही. फास्टएपीआयचाही तसाच. ५०० च तपासायचा असेल तर क्लायंट बनवताना ते वागणं बंद करावं लागतं. शिवाय जँगोचा क्लायंट सीएसआरएफची (फॉर्म आपल्याच साइटवरून आला का याची) तपासणी मुळातच वगळतो. टेस्टमध्ये चाललेला फॉर्म ब्राउझरमध्ये ४०३ खातो तेव्हा आधी तिकडे बघा.

आणि ५०० ची टेस्ट लिहाच. बहुतेक जण ती सोडून देतात, कारण डेटाबेस मुद्दाम पाडायचा कसा हे सुचत नाही. खोट्या स्टोअरला एरर परत द्यायला सांगा, एका ओळीचं काम. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कोड बरोबर ५०० आला. सवयीने बॉडीही छापली. त्यात खोट्या स्टोअरचा एरर जसाच्या तसा होता, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर आमच्या टेबलाचं आणि रकान्याचं नाव दुकानदाराच्या फोनवर गेलं असतं. त्या दिवशी तक्त्यात चौथा रकाना आला: बॉडीत काय नसावं.