सेलचे व्होल्टेज चुकीचे दिसते तेव्हा: बीएमएस उघडण्यापूर्वीची तयारी

घरच्या इन्व्हर्टरला जोडलेला ५१.२ व्होल्टचा, म्हणजे १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा पॅक समोर ठेवून ही यादी केली आहे. सेलची संख्या कमी-जास्त असली तरी क्रम हाच राहतो. या सेलचा डिस्चार्जचा आलेख मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की दहा-पंधरा मिलिव्होल्टच्या फरकाने शिल्लक चार्जचा अंदाज बराच हुकतो. वरच्या टोकाला एखादा सेल प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसला, तर ३.६५ व्होल्टची मर्यादा आली असे समजून बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा बोर्ड) चार्जिंगच तोडते. स्क्रीनवर एक सेल वेगळा दिसला म्हणून लगेच तो सेल बदलू नये आणि सॉफ्टवेअरमधल्या कॅलिब्रेशनलाही हात लावू नये. चूक सेल आणि बीएमएसमधली व्होल्टेज मोजणारी चिप यांच्यामधल्या कोणत्या टप्प्यावर शिरते, हे आधी ठरवायचे आहे.

सर्वप्रथम मल्टिमीटर तपासून घ्यावा. २००० काउंटचा (म्हणजे स्क्रीनवर जास्तीत जास्त तितक्या पायऱ्या दाखवणारा) साधा मीटर ३.३ व्होल्टसाठी २० व्होल्टच्या रेंजवर न्यावा लागतो आणि तेथे त्याचा शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे या कामाला तो निरुपयोगी आहे. ६००० काउंटचा मीटर १ मिलिव्होल्ट दाखवतो, पण दाखवणे वेगळे आणि अचूक असणे वेगळे: माहितीपत्रकात ०.५ टक्के अचूकता लिहिली असेल, तर ३.३ व्होल्टवर सुमारे १६ मिलिव्होल्टची चूक त्याला माफ आहे. म्हणून ०.१ टक्के श्रेणीचा २.५ व्होल्टचा रेफरन्स (ठरलेले अचूक व्होल्टेज देणारी चिप), उदाहरणार्थ ए ग्रेडचा एलएम४०४०, एका छोट्या बोर्डावर बसवून जवळ ठेवावा आणि त्यावरचे मीटरचे रीडिंग वहीच्या पहिल्या ओळीत लिहावे. रेफरन्स मिळाला नाही तरी काम अडत नाही, कारण एकाच मीटरची चूक सगळ्या सेलना जवळपास सारखीच लागू होते आणि सेल-सेलमधला फरक विश्वासार्ह राहतो.

पूर्ण चार्ज झालेला हा पॅक ५८.४ व्होल्टपर्यंत जातो. झटक्यापेक्षा शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट जास्त घातक आहे. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, पान्याला उघड्या टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि मीटरची लाल वायर अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेली नाही याची खात्री प्रत्येक वेळी करावी. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची अर्थिंग क्लिप पॅकच्या मधल्या सेलला लावू नये. लॅपटॉप जोडायचा असल्यास आयसोलेटेड यूएसबी अडॅप्टर वापरावा.

त्यानंतर इन्व्हर्टर, सोलर चार्जर आणि बॅलन्सिंग (सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणण्याची बीएमएसची क्रिया) ही तिन्ही बंद करावीत. ५० हर्ट्झचा इन्व्हर्टर बॅटरीतून १०० हर्ट्झच्या लहरीने करंट ओढतो, आणि बीएमएस तो कोणत्या क्षणी पकडते यावर आकडा नाचत राहतो. बॅलन्सिंगचा करंट तर बहुतेक बोर्डांवर सेन्स वायरमधूनच, म्हणजे सेलचे व्होल्टेज बोर्डापर्यंत नेणाऱ्या बारीक वायरमधूनच जातो, त्यामुळे वायर आणि क्रिम्प (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची पिन) मिळून ०.१ ओहम असले तरी १०० मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्ट गायब होतात.

आता वहीत १६ ओळींचा तक्ता आखावा. प्रत्येक सेलसाठी चार रकाने हवेत: थेट सेलच्या टर्मिनलवर (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे बसबारवर, किंवा नटावर नव्हे) मोजलेले व्होल्टेज, सेन्स कनेक्टरच्या पिनांवर मोजलेले, फिल्टर रेझिस्टरच्या (बोर्डावर प्रत्येक सेन्स वायरच्या वाटेत बसवलेल्या रेझिस्टरच्या) पलीकडे चिपच्या बाजूला मोजलेले आणि त्याच वेळी बीएमएसने दाखवलेले. ज्या रकान्यापासून आकडा बदलतो, त्याच्या आधीच्या तुकड्यात दोष शोधावा. फिल्टर रेझिस्टर १ किलोओहमचा असेल तर १० मेगाओहमच्या मीटरचा भार नगण्य आहे. पण १ मेगाओहम आणि १०० किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक पटीत कमी करणारी रेझिस्टरची जोडी) असलेल्या हौशी सर्किटमध्ये मीटर लावताच मधल्या बिंदूचे व्होल्टेज सुमारे ०.९ टक्क्याने खाली येते, हे लक्षात ठेवावे. अशा डिव्हायडरने १६ सेल मोजणे मुळातच अडचणीचे आहे: ६० व्होल्टच्या मापाला १२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) लावला की एक पायरीच जवळपास १५ मिलिव्होल्टची होते, आणि सेलचे व्होल्टेज दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून निघत असल्याने १ टक्का रेझिस्टरांची चूक त्या एकाच सेलच्या माथी येते.

तक्ता भरल्यावर खुणा ओळखाव्यात. सातवा सेल ३.०५ आणि आठवा ३.५१ दिसतो, मीटरवर मात्र दोन्ही ३.२८, अशी जोडी आढळली की बेरीज बरोबर आहे याकडे पाहावे. त्या दोघांमधली सेन्स वायर, तिचा फ्यूज किंवा क्रिम्प सुटलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कनेक्टर बोर्डातून काढून ती वायर हलकेच ओढून पाहावी, कारण क्रिम्प कित्येकदा तांब्याऐवजी वायरच्या आवरणालाच चावलेला असतो. फक्त पहिला किंवा फक्त शेवटचा सेल कमी दिसत असेल, तर बोर्डाचा स्वतःचा करंट त्या टोकाच्या सेन्स वायरमधून जातो का, ते तपासावे.

तिसऱ्या रकान्यात फरक पडत असेल, तर प्रत्येक फिल्टर रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मिलिव्होल्ट रेंजवर मोजावे. १ किलोओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर कुठेतरी झिरपत आहेत: तडा गेलेला सिरॅमिक कपॅसिटर, धुतला न गेलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) किंवा संरक्षणासाठी लावलेला ५.१ व्होल्टचा झेनर डायोड, जो ३.६ व्होल्टलाच थोडा वाहू लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि हेअर ड्रायर यासाठी हाताशी असावेत. कोमट हवा दिल्यावर फरक वाढला तर संशय झेनर किंवा चिपसारख्या सेमीकंडक्टर भागांवर घ्यावा, धुतल्यावर गेला तर फ्लक्सवर.

विश्रांतीत सगळे जुळत असेल तर दुसरी फेरी ५० अँपिअरच्या भाराखाली आणि तिसरी चार्जिंगवर घ्यावी. भाराखाली कमी आणि चार्जिंगला जास्त दिसणाऱ्या सेलजवळच्या बसबारचा जोड बहुधा ढिला किंवा ऑक्साइडने माखलेला असतो. अर्धा मिलिओहम इतका जोड ५० अँपिअरला २५ मिलिव्होल्ट खातो. पृष्ठभाग घासून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच नट आवळावा.

चौथ्या रकान्यातच फरक उरला तर पॅक बाजूला ठेवून १०० ओहमचे, ०.१ टक्के श्रेणीचे १६ रेझिस्टर एकापाठोपाठ जोडावेत, सेलऐवजी त्यांच्या सांध्यांना बीएमएसच्या सेन्स वायर लावाव्यात आणि बेंच सप्लायवरून ५१.२ व्होल्ट द्यावेत. करंट ३२ मिलिअँपिअर, प्रत्येकी ३.२ व्होल्ट. मग सप्लाय ४४.८ व्होल्टवर आणून पुन्हा वाचावे. दोन्ही ठिकाणी चूक सारखीच राहिली तर ती ऑफसेटची (ठरावीक आकड्याने सरकलेली), व्होल्टेजच्या प्रमाणात बदलली तर गेनची (गुणकाची). कॅलिब्रेशनचे आकडे बदलायचे ते येथे, आणि जुने आकडे वहीत उतरवून झाल्यावरच.